संत ज्यूडची प्रार्थना नऊ दिवसांत उरकू नये

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

मुंबईच्या वर्तमानपत्रांत छोट्या जाहिरातींच्या रकान्यात अधूनमधून दोन ओळी दिसतात : ‘विनंती मान्य केल्याबद्दल संत ज्यूड यांचे आभार.’ संत ज्यूड हे येशूच्या बारा प्रेषितांपैकी एक, अडलेल्या कामांसाठी लोक ज्यांचा धावा करतात ते. या जाहिरातीमागे बहुधा चर्चच्या बाकावर सापडलेला एक झेरॉक्स कागद असतो. नऊ दिवस ही प्रार्थना म्हणा, नऊ प्रती काढून चर्चमध्ये ठेवा, काम झाले की पेपरात छापा. हमखास गुण येतो. आता हाच मजकूर व्हॉट्सअॅपवरही फिरतो. ज्यांच्या घरात आजारपण किंवा बेकारी आहे ते हा कागद घाबरत घाबरत पाळतात, म्हणून हे पत्र.

प्रती वाटण्याची किंवा जाहिरात देण्याची अट कॅथलिक ख्रिस्तसभेने कुठेही घातलेली नाही. कृतज्ञता म्हणून कोणी छापले तर हरकत नाही, पण छापले नाही म्हणून कोणाचे वाईट होत नाही. चौथ्या दिवशी प्रार्थना राहिली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, हीही समजूतच. राहिलेली प्रार्थना दुसऱ्या दिवशी म्हणावी आणि पुढे जावे.

नवसाचेही तसेच. ख्रिस्तसभेच्या कायद्यात (कलम ११९१) नवस म्हणजे देवाला विचारपूर्वक आणि स्वखुशीने दिलेले वचन, तेही शक्य आणि अधिक चांगल्या गोष्टीचे. संताशी केलेली देवघेव त्यात बसत नाही. कोणी तेरा मंगळवार अनवाणी चालण्याचा नवस बोलला आणि मधेच पाय सुजला, तर कुढत बसू नये. योग्य कारण असेल तर आपल्या धर्मग्रामाचे (पॅरिशचे) प्रमुख धर्मगुरू खासगी नवसातून मोकळे करू शकतात (कलम ११९६). नवस तेवढ्याच किंवा त्याहून चांगल्या कृतीत बदलायचा तर तो बोलणाऱ्याला स्वतःलाही बदलता येतो (कलम ११९७). फादरना विचारायला दोन मिनिटे लागतात, आणि लोक वर्षानुवर्षे ते ओझे वाहतात.

नोव्हेना, म्हणजे ही नऊ दिवसांची प्रार्थना, वाईट नाही. येशूच्या स्वर्गारोहणानंतर प्रेषित आणि पवित्र मरिया एकत्र प्रार्थनेत राहिले, त्या पेंटेकॉस्टपर्यंतच्या, म्हणजे प्रेषितांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसापर्यंतच्या, नऊ दिवसांवरून ती आली. फक्त मोजणी नीट करावी. संत ज्यूडचा सण २८ ऑक्टोबरला, म्हणून नोव्हेना १९ ला सुरू होऊन २७ ला संपते. पुष्कळ जण सणाचा दिवसच नववा धरतात आणि २० ला बसतात. अडचण वेगळीच आहे : २९ ऑक्टोबरला कागद पाकिटात जातो तो पुढच्या संकटापर्यंत. ज्याच्याशी आपण फक्त उसने मागायला बोलतो, त्याची ओळख कशी वाढणार?

ओळख वाढवायची तर आधी संत नीट शोधावा. मराठी बायबलमध्ये ‘ज्यूड’ सापडत नाहीत, कारण तिथे त्यांचे नाव यहूदा. विश्वासघात करणाऱ्या यहूदा इस्कर्योताचेही तेच नाव, आणि या सारखेपणामुळेच पूर्वी लोक त्यांच्याकडे सर्वांत शेवटी वळत, असे परंपरा सांगते. मत्तय आणि मार्क यांनी दिलेल्या प्रेषितांच्या यादीत ते तद्दय आहेत. सगळ्या शुभवर्तमानांत त्यांच्या तोंडी एकच वाक्य आहे, योहान १४:२२ मध्ये. प्रभू, तू आम्हांला प्रकट होणार आणि जगाला नाही, हे कसे, असे ते शेवटच्या भोजनाच्या वेळी विचारतात. येशूचे उत्तर पुढच्याच वचनात आहे : जो माझ्यावर प्रीती करतो तो माझे वचन पाळील, आणि आम्ही त्याच्याकडे येऊन वस्ती करू. संत ज्यूडच्या भक्ताने पहिला आठवडा या दोन वचनांवरच घालवावा.

परंपरेने त्यांचेच मानलेले पत्र बायबलमध्ये प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या अगदी आधी येते. अध्याय एकच, वचने २५. जरीमरीला आणि मालाड पूर्वेला त्यांच्या नावाची चर्च आहेत. तिथे मेणबत्ती लावणाऱ्यांपैकी किती जणांनी हे पत्र वाचले असेल? रोज एक वचन घेतले तर महिन्याला पाच दिवस शिल्लक राहतात, ते चुकलेल्या दिवसांसाठी. मधली वचने कठोर आहेत, जुन्या करारातल्या दाखल्यांनी भरलेली. अकराव्या वचनाच्या आसपास बरेच जण सोडून देतात. तेवढा घाट चढून २० ते २३ पर्यंत यावे. संशयात सापडलेल्यांवर दया करा, हे सांगणे तिथे आहे.

रोजच्या प्रार्थनेला दहा मिनिटे पुरतात. क्रूसाची खूण करून अर्धा मिनिट गप्प बसावे. मग त्या दिवसाच्या मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) वाचले जाणारे शुभवर्तमान, सावकाश वाचले तरी दोन-तीन मिनिटे. त्यानंतर संताचे एक वचन, दोनदा. मग आपल्या शब्दांत विनंती, एकच, माणसाचे नाव घेऊन. ‘सगळ्यांचे भले कर’ म्हटले की मन भरकटते. आज अमुक एक गोष्ट करीन, असे ठरवावे. शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, ‘नमो मरिया’ आणि त्रैक्याचा गौरव. पहिल्याच दिवशी यात पूर्ण जपमाळ घालू नये. जपमाळेच्या पाच रहस्यांना (येशू-मरियेच्या जीवनातल्या पाच प्रसंगांना) वीस मिनिटे लागतात, आणि अर्ध्या तासाचा नेम आठव्या दिवशी मोडतो. रात्री झोपताना म्हणू असे ठरवणाऱ्यांचाही बहुधा मोडतो. घरी जागा-वेळ नसेल तर सकाळच्या लोकलमध्ये डोळे मिटून चालते. विरार गाडीत उभे असाल तर वचन आदल्या रात्री वाचून ठेवावे.

शब्दांची एक पारख लक्षात ठेवण्यासारखी आहे. लितानी, म्हणजे ओळीने म्हणायच्या विनवण्या, नीट ऐका : देवाला ‘आम्हांवर दया कर’ म्हणतात, संताला ‘आमच्यासाठी विनंती कर’. एखाद्या छापील प्रार्थनेत हा फरक पुसला गेला असेल, संतच स्वतःच्या बळावर देतो असे लिहिले असेल, तर ती बाजूला ठेवावी. आराधना देवाचीच, संत आपल्या बाजूला उभा राहून मागतो.

तसबिरीतही हेच आहे. संत ज्यूडच्या डोक्यावर पेंटेकॉस्टची ज्योत असते आणि छातीवर पदक. त्या पदकावर एक चेहरा असतो, आणि तो त्यांचा नसून ख्रिस्ताचा असतो. खोलीत तसबीर लावताना हार त्या पदकावर येणार नाही असा घालावा. मेणबत्ती स्टीलच्या ताटलीत, पडद्यापासून हातभर दूर ठेवावी आणि प्रार्थना संपली की विझवावी. रात्रभर ठेवायची तर विजेचा दिवा बरा. भक्ती त्याने कमी होत नाही.

संत ज्यूडच हवेत असेही नाही. आपल्या मातीतले संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, जपानमध्ये दुभाषाचे काम केले आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रूसावर मरण पावले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. ५ फेब्रुवारीला संत अगाथाचा सण असल्याने त्यांचा आणि त्यांच्यासोबत श्रद्धेसाठी प्राण दिलेल्या रक्तसाक्षींचा सण रोमन पंचांगात ६ ला येतो, म्हणजे नोव्हेना २८ जानेवारीला सुरू करावी. एका वेळी संत मात्र एकच धरावा, निदान वर्षभर.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. सणाची बातमी सणाच्या दुसऱ्या दिवशी येते. नोव्हेना कधी सुरू होते ते दहा-बारा दिवस आधी दोन ओळींत छापले, तर वाचकांच्या उपयोगी पडेल.

आपले,
एका प्रार्थना गटाचे सदस्य, मुंबई