डीसी मोटारीचा सदोष स्टार्टर व माहितीपुस्तिकेतील धोकादायक सूचना याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्याकडून आमच्या कार्यशाळेसाठी शंट, सिरीज आणि कंपाउंड अशा तीन डीसी मोटारी स्टार्टरसह घेतल्या. मोटारी चांगल्या आहेत. तक्रार आहे ती माहितीपुस्तिकेबद्दल आणि शंट मोटारीच्या स्टार्टरबद्दल.

पुस्तिकेत तिन्ही मोटारींना एकच सूचना छापली आहे: ‘प्रथम भार न जोडता मोटार चालवून पाहावी.’ शंटला हे चालते, कंपाउंडलाही बहुधा चालून जाते, पण सिरीज मोटारीला मुळीच नाही. तिच्या फील्डमधून (चुंबकीय क्षेत्र निर्माण करणाऱ्या वाइंडिंगमधून) आर्मेचरचाच, म्हणजे फिरत्या भागाचाच, प्रवाह वाहतो. भार नसला की प्रवाह घटतो, फील्ड क्षीण होते आणि वेग वाढतच जातो, अगदी आर्मेचरचे वाइंडिंग उखडेपर्यंत. ही मोटार पट्ट्याने न जोडता थेट कपलिंगने जोडतात तीही याच भीतीने, कारण पट्टा निसटला तरी तोच अनर्थ. आमच्या वायरमनला सूचना खटकली म्हणून मोटार सुरू केली नाही. नवशिका माणूस मात्र छापील शब्दावर विश्वास ठेवणारच, आणि त्याला तो ठेवता आला पाहिजे.

आता स्टार्टर, म्हणजे मोटार सुरू होतानाचा प्रवाह रोध घालून आवरणारे साधन. पुरवठा गेला की नो-व्होल्ट कॉइलने (हँडल धरून ठेवणाऱ्या विद्युतचुंबकाने) हँडल सोडावे आणि स्प्रिंगने ते ‘बंद’वर आणावे, अशी त्याची रचना. आमच्याकडे स्विच बंद केल्यावर हँडल शेवटच्या स्टडवरच, म्हणजे स्टार्टरचा सगळा रोध वगळला जातो त्या टोकावरच, बसून राहते. बोटाने ढकलले तर निम्म्यावर येऊन अडकते. स्प्रिंगमध्ये जोरच नाही. अशा स्थितीत वीज परत आली तर थांबलेल्या मोटारीला पूर्ण 220 व्होल्ट मिळतील. फिरत नसलेल्या आर्मेचरमध्ये बॅक ईएमएफ (फिरण्यामुळे निर्माण होणारा विरोधी विद्युतदाब) शून्य असतो आणि या आर्मेचरचा रोध 0.5 ओहम आहे. म्हणजे प्रवाह 440 अँपिअर, जेव्हा नेमप्लेटवर 20 लिहिले आहे! हँडलशी उभ्या असलेल्या माणसाचे काय होईल, याचा विचार व्हावा.

स्टार्टर बदलून द्यावा. नुसती स्प्रिंग ताणून दिलेली आम्हाला चालणार नाही. प्रत्येक मोटारीसाठी स्वतंत्र सूचना असलेली सुधारित पुस्तिका द्यावी. शंट मोटार सुरू करताना फील्ड रिओस्टॅटचा (फील्डचा प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या बदलत्या रोधकाचा) रोध शून्यावर असावा, हेही सध्याच्या पुस्तिकेत नाही, ते घालावे. आणि ही पुस्तिका ज्या ज्या ग्राहकांकडे गेली आहे, त्यांना सिरीज मोटारीबद्दल आजच कळवावे. आमचा स्टार्टर नंतर बदललात तरी चालेल, पण हे काम थांबू शकत नाही.

लेखी उत्तराची वाट पाहत आहे.

आपला,
एक ग्राहक