मैदानाच्या कडेला भेटलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. दसऱ्यानंतरच्या रविवारी आझाद मैदानाशेजारच्या जिमखान्यावर कॉलेजच्या मुलींचे रग्बीचे सामने होते. तुम्ही दोरीपाशी बर्फाचा डबा घेऊन उभे होतात. बदलापूरहून आलेली जांभळ्या साडीतली बाई आणि तिचा मुलगा आठवत असतील, तर ते आम्ही.

माझी ताई दोन वर्षं रग्बी खेळते. आईने तोवर एकही सामना पाहिला नव्हता, फक्त घरी परतलेली ढोपरं आणि कोपरं पाहिली होती. ‘बास कर आता हे’ असं ती रोज म्हणायची आणि ताई न बोलता जेवून उठायची. मला ते बघवत नव्हतं. एकदा चल, बघ, मग काय ते बोल, असा मीच हट्ट धरला. मेगाब्लॉकमुळे सकाळी सहालाच निघालो. सीएसएमटीपर्यंत आई एक शब्द बोलली नाही.

सामना सुरू होऊन मिनिटही झालं नसेल, समोरच्या मुलीने ताईला कमरेत धरून आडवं केलं. आई थेट दोरी ओलांडून निघाली. मी नुसता बघत राहिलो. तुम्ही हात आडवा धरलात आणि म्हणालात, “वहिनी, थांबा. बॉल कुठे गेला ते बघा.” ताईने पडतापडता बॉल मागे ठेवला होता, मैत्रिणीने तो उचलला होता आणि ताई उठून तिच्या मागे धावतही होती.

मग तुम्ही तिथून हललाच नाहीत. ज्याच्या हातात बॉल त्यालाच पकडायचं, खांद्याच्या वर हात गेला की पेनल्टी, हे तुम्ही आईला सांगितलंत. पास हाताने पुढे देता येत नाही, मागेच द्यायचा, हे तिला पटेना. “म्हणजे पुढे जायचं तर स्वतःच पळायचं?” तिने विचारलं. “नाहीतर लाथेने मारायचा. पण पळणंच खरं,” तुम्ही म्हणालात. आई शाळेत असताना कराडला कबड्डी खेळायची हे बोलताबोलता निघालं, आणि तिथून तुमची भाषाच बदलली. टॅकल म्हणजे पकड. चढाईवाला मध्यरेषेला हात टेकवायला झेपावतो ना, तसा इथे समोरच्या रेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवायचा, तो ट्राय, त्याचे ५ गुण. माझी आई कबड्डीत कोपरारक्षक होती, हे मला एकोणीस वर्षांत माहीत नव्हतं. ते तुमच्यामुळे कळलं.

२०१९ मध्ये भारताच्या मुलींनी सिंगापूरला २१-१९ असं हरवून पंधरा जणींच्या रग्बीतला आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला, हेही तुम्हीच सांगितलंत. आईने तो आकडा पुन्हा विचारून घेतला होता.

सातजणींचा खेळ, सात-सात मिनिटांचे दोन डाव. ताईचा संघ १०-१२ असा हरला. दोन्हीकडून दोन-दोन ट्राय, पण ट्रायनंतरची त्यांची एक किक खांबांमधून गेली, आपली एकही गेली नाही. आई हिरमुसली तेव्हा तुम्ही तिला कारण दाखवलंत: बॉल जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेतून किक घ्यावी लागते, आणि ताईने तो अगदी कोपऱ्यात टेकवला होता. ताई घामाने निथळत आली. तिला वाटलं, आता आई ओरडणार. आई म्हणाली, “अगं, पुढे कुणी नव्हतं, तर मधे वळून टेकवायचास ना!” ताई तिच्या गळ्यात पडून रडली. तुम्ही तेवढ्यात बर्फ घेऊन पलीकडच्या मुलीकडे गेला होतात. आईने तुमच्यासाठी डब्यातल्या दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी बाजूला काढून ठेवली होती, पण गर्दीत तुम्ही परत दिसला नाहीत.

सामनाभर एका अनोळखी बाईपाशी उभं राहून तुम्ही जे केलंत, ते मला घरात दोन वर्षांत जमलं नव्हतं. त्यासाठी मनापासून आभार, काका.

ताईने नवीन माऊथगार्ड आणलंय. ते गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवावं लागतं. परवा त्यासाठी पाणी आईने तापवलं, आणि ताई ते दातांत दाबून बसली तेव्हा ती घड्याळ धरून शेजारी उभी होती.

तुमचा,
बदलापूरचा मुलगा