'सी' दाबलं की कट होतो, पोरी

प्रिय पोरी,

तुझ्या आईचा चकलीचा डबा परत द्यायला गेलो तेव्हा कळलं, तू पहाटेच्या गाडीनं मुंबईला गेलीस. आभार तोंडातच राहिले. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. तुला आवडणार नाही, तरी वाच.

लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग, म्हणजे शूटिंग कापून-जोडून द्यायचं काम, करतोय त्याला वीसहून जास्त वर्षं झाली. त्यासाठीचं एडियस हे सॉफ्टवेअर वापरतोय ते कॅनोपस कंपनी ते काढायची त्या काळापासून. पण यंदा फोटोग्राफर पोरांनी नव्या कॅमेऱ्याच्या फाइली आणून दिल्या आणि माझ्या जुन्या एडियसनं त्या उघडायलाच नकार दिला. प्रीमियर हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर घ्यायचं तर दरमहा भाडं. डाविंची हे तिसरं, त्याला एकदा पैसे भरले की सुटलो, म्हणून ते घेतलं. आणि शिकायला क्लास लावला. तिथे फी मोजून मिळालेलं पहिलं वाक्य असं, "काका, जुनं सगळं विसरा, पाटी कोरी करा." विशीतल्या पोरांना हे सांगणं सोपं आहे. माझी बोटं मेंदूला न विचारता चालतात, त्यांना कसं विसरायला लावू?

तरी रेटलं. हळदीचा पूर्ण कार्यक्रम लावला आणि बघतो तर नाचणारी माणसं दर सेकंदाला ठेच खातायत. क्लासच्या सरांना फोन केला. म्हणाले, कॅमेऱ्याचा दोष असेल. दुसऱ्यांदा फोन उचललाच नाही. दिवाळी तोंडावर, तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू, आणि माझ्याकडे रात्री झोप नाही.

तू आलीस ती फराळाचं ताट घेऊन. स्क्रीनकडे एकदा बघितलंस. शूटिंग सेकंदाला 25 फ्रेमचं, म्हणजे 25 चित्रांचं, आणि क्लिपा लावायची टाइमलाइन 24 ची, म्हणजे दर सेकंदाला एक फ्रेम गळत होती. पहिली क्लिप टाकतानाच डाविंचीनं विचारलं होतं म्हणे, बदलू का? मी घाईत 'नको' दाबलं, आणि एकदा क्लिपा आत गेल्या की तो आकडा हलत नाही. मला वाटलं, आता हसशील. तू म्हणालीस, "काका, हे मीही केलंय. आणि माझं तर सिरियलचं होतं." ते खरं होतं की माझी लाज राखायला होतं, मी विचारलं नाही.

पण मला लिहायचंय ते त्यानंतरचं. मी कट मारायला एडियसच्या सवयीनं 'सी' दाबत होतो, काहीतरी भलतंच होत होतं, मी चरफडत होतो. क्लासमध्ये यावर उत्तर होतं, कंट्रोल आणि बी पाठ करा. तू डाविंचीतली कीबोर्डची यादी उघडलीस, बटणं कुठल्या सॉफ्टवेअरसारखी हवीत ते निवडायची. त्यात प्रीमियर होतं, फायनल कट होतं, ॲव्हिड होतं. आमच्या एडियसचं नाव कुठेच नाही. "नाही तर नाही, आपण करू," म्हणालीस आणि एकेक बटण विचारत बसलीस. "काका, कट कशानं करता? ट्रिम कशानं? बघू नका, नुसता हात ठेवा." माझं बोट जिथं पडलं तिथं तू कात्री आणून ठेवलीस. रात्री अकरापर्यंत. शेवटी त्या यादीला नाव दिलंस 'काका'. ॲव्हिडच्या खाली!

जाताना फायनल कटचं सांगितलंस. 2011 साली ॲपलनं नवं फायनल कट आणलं, त्यात जुन्या फायनल कटचे प्रोजेक्ट उघडेनात, आणि सिनेमे कापणारी मोठमोठी माणसंही हवालदिल झाली. त्या रात्री मी दोन महिन्यांनी शांत झोपलो.

आमच्या उमेदवारीत असे उस्ताद होते, की टायटलची करामत करताना आम्हाला चहा आणायला पिटाळायचे. परत येईस्तोवर काम संपलेलं. तेच आम्हीही पुढे नव्या पोरांशी केलं, खोटं कशाला बोलू. तू कुठे शिकलीस हे असं शिकवायला? पैसे विचारले तर म्हणालीस, "माझ्या बारशाची कॅसेट तुम्हीच केली होती ना." केली होती. त्यात पाळण्यापेक्षा तुझ्या मामाचं डोकंच जास्त दिसतं, आज कबूल करतो.

सीझन सुरू झालाय. चार लग्नं हातावेगळी केली, चारही 25 वर. लोक अजून 'कॅसेट कधी मिळेल' असंच विचारतात. आणि एक गंमत. परवा वरात कापताना बोट आपोआप कंट्रोल-बीकडे गेलं. कट झाला नाही, कारण ते बटण तू तिथून काढलंयस. मीच दचकलो. पुढच्या वेळी आलीस की तेही परत लावून दे.

तुझा,
समोरच्या घरातला काका