लोणच्याच्या कारखान्याबद्दल आभार

ती. काकूंना साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "हो हो, जेवलीस का?" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहिते आहे. आणि पत्र सगळ्यांना वाचता येईल असं ठेवते आहे, कारण भारतातून एलएलबी करून इकडे आलेली, लंडनच्या लॉ फर्ममध्ये अर्जांवर अर्ज टाकणारी मुलं मला सारखी विचारतात, "तुझी तयारी कुणी करून घेतली?" त्यांना एखाद्या क्लासचं नाव हवं असतं. वेम्बलीत राहणाऱ्या, सिटीतल्या, म्हणजे लंडनच्या व्यापारी भागातल्या, सॉलिसिटर वकिलांकडे सेक्रेटरी म्हणून उभी हयात घालवून निवृत्त झालेल्या, मूळच्या कराडच्या काकूंनी करून घेतली म्हटलं की मी काहीतरी लपवते आहे असं त्यांना वाटतं.

तुम्ही वकील नाही, हेच बरं झालं. वकिलाला विचारलं तर तो स्वतःला नोकरी कशी लागली ते सांगतो. तुम्ही टेपवरचं डिक्टेशन टाईप करता करता, कागदपत्रांची बंडलं बांधता बांधता, दर सहा महिन्यांनी खातं बदलून येणारे ट्रेनी, म्हणजे शिकाऊ वकील, बघितलेत. कुठल्या ट्रेनीला पार्टनर, म्हणजे फर्मचा भागीदार वकील, संध्याकाळी सहाला बोलावून फाईल देतो आणि कुणाला "उद्या बघू" म्हणतो, हे तुम्हाला तुमच्या टेबलावरून दिसायचं. "हिच्या हातात फाईल देता येईल का, एवढंच बघतात गं ते." हे तुम्ही मला पहिल्याच भेटीत, डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये, हातात प्रसादाची वाटी घेऊन सांगितलंत. पुढचे सगळे महिने त्या एका वाक्याचीच तालीम चालली होती.

इथली पद्धत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सप्टेंबर २०२१ पासून इंग्लंड-वेल्समध्ये सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई ही परीक्षा आली. ती पास व्हायची आणि दोन वर्षं पात्र ठरणारं काम करायचं. मोठ्या फर्म ही दोन वर्षं अजूनही ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट म्हणूनच देतात, आणि निवड बऱ्याचदा दोन वर्षं आधी करतात. आधी फॉर्म, मग ऑनलाईन चाचणी, मग कॅमेऱ्यापुढे एकट्यानं बोलायची रेकॉर्डेड मुलाखत, आणि यातून तरलात तर असेसमेंट डे. त्या दिवशी केस स्टडी, लेखी काम, गटचर्चा, पार्टनरबरोबर मुलाखत, मध्ये जेवण. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी पिळून बाहेर पडतो.

फॉर्मवर तुम्ही फार वेळ दिला नाहीत. लाल पेन घेतलंत, "तुम्हाला आमचीच फर्म का?" याचं माझं उत्तर वाचलंत आणि म्हणालात, "यातलं नाव काढून समोरच्या बिल्डिंगमधल्या फर्मचं घाल. वाक्य खोटं झालं का? नाही ना? मग खोड." पान जवळजवळ कोरं झालं.

ऑनलाईन चाचणीची, म्हणजे वॉटसन-ग्लेझरची, मला धास्ती होती. अनुमान, गृहीतकं, निष्कर्ष, अर्थ लावणं आणि युक्तिवादाचं वजन, असे तिचे पाच भाग. अनुमानाच्या भागात "खरं" आणि "खोटं" यांच्यामध्ये "बहुधा खरं", "बहुधा खोटं" आणि "माहिती अपुरी" असेही पर्याय असतात, आणि आपल्याकडची हुशार मुलं नेमकी तिथंच घसरतात, कारण त्यांना विषयाबद्दल परिच्छेदात लिहिलंय त्याहून जास्त माहीत असतं. तुम्ही म्हणालात, देवळात शिरताना चपला बाहेर ठेवतो तसं आपलं ज्ञान परिच्छेदाच्या बाहेर ठेवायचं, परतताना घालायचं. मी चाचणीच्या दिवशी हे वाक्य कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवलं होतं.

आता लोणचं.

केस स्टडीच्या सरावासाठी इंटरनेटवर नमुने मिळतात, पण ते फार स्वच्छ असतात. कागद सरळ, मुद्दे ठळक. तुम्ही तसली फाईल हातात घ्यायला तयार नव्हता. "खरी फाईल अशी नसते," म्हणालात आणि पुढच्या रविवारी स्वतः टाईप केलेला गठ्ठा पुढ्यात टाकलात. लेस्टरजवळचा लोणच्याचा कारखाना, अर्थातच तुमच्या कल्पनेतला. मालक म्हातारा, मुलांना धंद्यात रस नाही, एक मोठी खाद्यपदार्थ कंपनी तो विकत घ्यायला निघालीये, आणि आपण घेणाऱ्याचे वकील. गठ्ठ्यात सुपरमार्केटबरोबरचा पुरवठा करार, जागेचा भाडेकरार, कामगारांची यादी, बँकेचं पत्र, महापालिकेच्या आरोग्य खात्याचं एक तिरकस पत्र, दोन भावांमधला ईमेलवरचा वाद आणि निव्वळ जागा अडवायला घातलेली पानंच्या पानं. वेळ एक तास. शेवटी पार्टनरसाठी दोन पानी टिपण.

आधी सूचनेचं पान वाचायचं, हे तुम्ही हाताला धरून शिकवलंत. कुणाला लिहायचंय, त्याला काय ठरवायचंय, कधीपर्यंत. मग गठ्ठा. पुरवठा करारात मागे कुठेतरी एक कलम होतं: कंपनीची मालकी बदलली तर सुपरमार्केटला करार मोडायची मुभा. निम्म्याच्या आसपास विक्री त्या एकाच गिऱ्हाईकाकडे. म्हणजे कारखाना घेतला आणि गिऱ्हाईक गेलं, तर आपण बरण्या विकत घेतल्या. ट्रेडमार्कच्या दाखल्यावर मालक म्हणून कंपनीचं नावच नव्हतं, म्हाताऱ्याच्या बायकोचं होतं. कंपनीचे सगळे शेअर घेतले तरी ब्रँड हाती येणार नव्हता. आणि धाकटा भाऊ पलीकडच्या रस्त्यावर स्वतःचं लोणचं काढायच्या बेतात, त्याला अडवणारा एकही कागद नाही.

शेअर घ्यायचे की नुसता धंदा घ्यायचा, हा त्यातला खरा पेच. शेअर घेतले तर कंपनी जशीच्या तशी येते, जुन्या देण्यांसकट, आरोग्य खात्याच्या त्या पत्रासकट. धंदा घेतला तर हवं ते उचलता येतं, पण एकेक करार नव्यानं जुळवावा लागतो, आणि कामगार मात्र "नको" म्हणून मागे ठेवता येत नाहीत: २००६ च्या ट्यूपी नियमांनी ते आपल्या नोकरीच्या अटींसकट नव्या मालकाकडे येतात. पुस्तकात मी हे वाचलं होतं. तुमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर घड्याळ लावून बसले तेव्हा ते डोक्यातून हातात उतरलं.

आणि अर्ध्या तासानं, चहाचा कप ठेवता ठेवता, तुम्ही आणखी एक कागद सरकवलात. "क्लायंटचा फोन आला होता. दुसरा कुणीतरी घ्यायला आलाय. उद्या दुपारपर्यंत सांगायचंय." मी तोंड वाकडं केलं. तुम्ही म्हणालात, "पार्टनरसमोर हे तोंड नको."

गटचर्चेसाठी तुम्ही घरातलीच माणसं जमवलीत: मुलगा, सून आणि शेजारचे निवृत्त बस ड्रायव्हर. विषय दिलात, स्वतः कोपऱ्यात वही घेऊन बसलात. प्रत्यक्षातही परीक्षक असेच बसतात, खोलीच्या कडेला, काहीतरी लिहीत. तुमच्या वहीत माझ्याबद्दल पहिली नोंद होती ती मुद्द्यांची नव्हतीच. "सुनेचं वाक्य अर्धं राहिलं, हिनं ऐकलं, पण तिला परत बोलतं केलं नाही." आपल्याकडे वादविवाद स्पर्धेत बक्षिसं मिळवलेल्यांना ही गोष्ट फार जड जाते. तिथं प्रतिस्पर्ध्याचं वाक्य तोडणं हेच कौशल्य. इथं सगळ्यांनी मिळून वेळेत एका निर्णयावर यायचं असतं, आणि घड्याळाकडे लक्ष ठेवणारा माणूस सगळ्यात जोरात बोलणाऱ्यापेक्षा उपयोगी ठरतो.

त्याच बस ड्रायव्हर आजोबांना मी सात-बारा समजावून सांगितला, ते आठवतंय ना? "कठीण प्रसंगातून तुम्ही कसा मार्ग काढलात?" या ठरावीक प्रश्नाला मी मूट कोर्टाची, म्हणजे कॉलेजातल्या लुटुपुटीच्या खटल्याची, गोष्ट तयार ठेवली होती. तुम्ही ती ऐकता ऐकता जांभई दिलीत आणि सोलापूरच्या कोर्टात सिनियरकडे काय करत होतीस ते विचारलंत. मी मंगळवेढ्याच्या त्या पक्षकाराचं सांगितलं. वाटणीचा दावा, दर तारखेला एसटीनं येणारा माणूस, आणि आज पुन्हा तारीखच का पडली हे त्याला सांगायचं काम माझ्याकडे. "हे सांग," म्हणालात, "पण त्या पार्टनरला सात-बारा काय माहीत? दोन वाक्यांत सांग, नाहीतर वगळ." आजोबांच्या चेहऱ्यावर समजल्याचं दिसेपर्यंत तुम्ही मला सोडलं नाहीत. जमीन कुणाच्या नावावर, कोण कसतो, तिच्यावर कर्ज किती, हे एका उताऱ्यावर दाखवणारा सरकारी कागद. पुढे मुलाखतीत पार्टनरनं सगळ्यात जास्त प्रश्न त्या पक्षकाराबद्दलच विचारले. तो चिडला तेव्हा काय केलंस? सिनियरची चूक असती तर काय सांगितलं असतंस?

व्यापारी जाण या नावाखाली जे मागतात त्याची मला सगळ्यात जास्त भीती. भारतातून आलेला प्रत्येक उमेदवार टाटांनी २००८ साली फोर्डकडून जॅग्वार लँड रोव्हर घेतल्याची गोष्ट सांगतो. मीही सांगत होते. तुमचा प्रश्न: "मग?" तुमच्याकडे वर्तमानपत्राची कात्रणं होती. जुलै २०२३ मध्ये टाटांनी ब्रिटनमध्ये चार अब्ज पौंडांहून मोठ्या बॅटरी कारखान्याची घोषणा केली. ३० सप्टेंबर २०२४ ला वेल्समधल्या पोर्ट टॅलबोटच्या त्यांच्या पोलाद कारखान्यातली शेवटची झोतभट्टी बंद झाली. "एकीकडे उघडतायत, एकीकडे बंद करतायत. दोन्हीकडे वकिलांना काय काय काम पडेल ते सांग." मग आपण बसून मांडलं: बांधकामाची परवानगी, विजेची जोडणी, बांधकामाचे करार, सरकारी मदत आणि तिच्यावरची बंधनं, कर्ज, दुसरीकडे कामगारांशी करायची सल्लामसलत, भरपाई, पेन्शन, जमिनीतलं प्रदूषण. बातमी वाचून त्यात फर्मची कुठकुठली खाती बसतात ते बघायची सवय मला तिथं लागली, आणि ती काही जात नाही.

विदेशी फर्मना भारतात येऊ द्यावं का, हा विषयही तुम्हीच "तुझ्या घरचा" म्हणून माझ्या माथी मारलात. मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २००९ मध्ये नाही म्हटलं, सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१८ मध्ये विदेशी वकिलांना येऊन-जाऊन त्यांच्या देशाच्या कायद्याबद्दल सल्ला देण्यापुरती फट ठेवली, मार्च २०२३ मध्ये बार कौन्सिलनं कोर्टाबाहेरच्या कामापुरतं दार किलकिलं केलं आणि मे २०२५ मध्ये नियम सुधारले. मी कुणाच्या बाजूची, ते विचारतील असं तुम्ही म्हणाला होतात. विचारलंच. सोलापूरच्या वकिलाच्या पोटावर याने पाय येत नाही, मुंबईतल्या बड्या फर्मच्या येतो, असं माझं मत मी सांगितलं. पार्टनर हसला, आणि मग पंधरा मिनिटं भांडला.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलं नाही. मुलाखत घेणाऱ्याचे जुने सौदे पाठ करून जा, असं तुम्ही बजावलं होतंत. त्याचं खातं कुठलं एवढं मी बघितलं, बाकी सोडून दिलं. अनोळखी माणसाला त्याचंच चरित्र ऐकवणं मला सलगी वाटते. तुम्ही अजूनही म्हणाल की बघायला हवं होतं.

रिसेप्शनचं मात्र शंभर टक्के ऐकलं. जेवणाच्या वेळी ट्रेनी सांगतात की आता तुमचं कुणी मूल्यमापन करत नाही, निवांत बोला. तुम्ही म्हणाला होतात, कागदावर नसेल करत, पण दारातल्या बाईंशी कोण कसं बोललं हे तुमच्या ऑफिसात हमखास वर पोचायचं, बऱ्याचदा तुमच्याकडूनच.

त्या दिवशीच्या केस स्टडीत लोणचं नव्हतं, सॉफ्टवेअर कंपनी होती. मोठ्या गिऱ्हाईकाच्या करारात मालकी बदलाचं कलम होतं. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस पगारी नव्हता, बाहेरून काम करणारा होता, आणि त्यानं हक्क कंपनीला लिहून दिलेच नव्हते. अर्ध्या वेळात दार उघडून एक बाई नवा कागद घेऊन आल्या. माझं तोंड सरळ राहिलं, काकू. नंतर पार्टनरनं विचारलं, यातल्या कुठल्या गोष्टीसाठी तू क्लायंटला आत्ता, या क्षणी फोन करशील? त्याचं उत्तर मला तुमच्या आवाजात ऐकू आलं.

ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट मिळालं हे तुम्हाला माहीतच आहे. सध्या एसक्यूईच्या पहिल्या भागाचा अभ्यास चाललाय, १८० प्रश्नांचा एक असे दोन पेपर, आणि प्रॉपर्टीचे नियम डोकं खातायत. तुम्ही पैसे तर घेतलेच नाहीत, वर डबा दिलात. त्याबद्दल काय लिहू, कळत नाही, म्हणून लिहीत नाही.

एक विचारायचं राहिलं. तुमची लोणच्याची फाईल मी नांदेडच्या एका मुलाला दिली आहे, पुढच्या आठवड्यात त्याचा असेसमेंट डे आहे. त्यानं त्यात मला न दिसलेलं एक काढलं. सात वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेकरार लँड रजिस्ट्रीत नोंदवावा लागतो. कारखान्याचा करार दहा वर्षांचा आहे आणि नोंदणीचा कागद गठ्ठ्यात कुठेच नाही. हे तुम्ही मुद्दाम ठेवलं होतंत की टाईप करायचं राहिलं? तो म्हणतो मुद्दाम. मी म्हणते राहिलं. रविवारपर्यंत कळवा, आमची जेवणाची पैज लागली आहे.

तुमची,
सोलापूरची वकीलीणबाई