बोरीवरची जळमटं जाळू नका

महोदय,

स्वच्छता मोहिमेत आमच्या शिवारात गाडीवाटेच्या कडेच्या बोरी-बाभळींवरची मळकट जाळी डिझेलचे पलिते लावून जाळली गेली. कारण काय, तर कोळी विषारी आहेत, झाड वाळवतात. सांगोल्याच्या माळावर ही जाळी मी लहानपणापासून बघत आलोय, म्हणून लिहितो.

एरवी कोळी एकलकोंडा. जगातल्या सुमारे 50,000 जातींपैकी जेमतेम पंचवीस कायम एकत्र नांदतात. त्यातली एक, स्टेगोडायफस सरासिनोरम, आपल्या बांधावर आहे. वाळकी पानं आणि किड्यांची टरफलं गुंफून केलेल्या एकेका घरट्यात कधी कधी शेकडो कोळी असतात. संध्याकाळी बाहेर पडून सगळे मिळून जाळं दुरुस्त करतात. त्यांच्या धाग्याला डिंक नसतो. मागच्या पायांनी विंचरलेल्या कापसासारख्या तंतूंतच किडा गुंततो. टोळ अडकला की एक जण तंगडी धरतो, दुसरा मिशी, तिसरा पोट, आणि त्या गर्दीत कुणी कुणाला चावत नाही!

मादीचं तर विचारूच नका. पिल्लं बाहेर आली की ती त्यांना तोंडातला द्रव भरवते, आपलं शरीर आतून विरघळवत. शेवटी पिल्लं तिलाच खातात. ज्यांची स्वतःची अंडी नाहीत अशा माद्याही या संगोपनात हातभार लावतात. वर्षाला पिढी एकच, नर मोजके आणि थोड्या दिवसांचे सोबती, वीणही बहुतेक घरातल्या घरात. त्यामुळे एका पलित्यात आया, अंडी, पिल्लं, सगळा वंश जातो, आणि बाहेरचे कोळी येऊन ते घर पुन्हा भरत नाहीत.

कोळी पान खात नाही, रसही शोषत नाही. मग झाड वाळेल कशानं? घरट्याला धक्का लागला की हे कोळी आत दडतात. अंगावर आल्याचं मी कधी पाहिलं नाही.

वाटेवर आलेली फांदी जरूर छाटावी. पण घरट्यासकट कापून ती पलीकडच्या बोरीत अडकवून द्यावी. दहा मिनिटांचं काम आहे. पुढच्या मोहिमेआधी ग्रामपंचायतींनी कामावरच्या माणसांना एवढी सूचना द्यावी, ही विनंती.

— एक शेतकरी, ता. सांगोला, जि. सोलापूर