घरून व्यवसाय करणाऱ्या सभासदांना सूचना : बिले जपून ठेवा

खाजे, लोणची, शिवणकाम घरून करणाऱ्या सर्व सभासदांनो, चतुर्थीच्या ऑर्डरी सुरू होण्याआधी बिलांची फाइल लावा. कच्चा माल, पॅकिंग, कुरिअर, वीजबिलातला धंद्यापुरता भाग आयकराच्या हिशेबात उत्पन्नातून वजा होतो, नव्या करप्रणालीतसुद्धा. घरच्या स्वयंपाकाचा सिलिंडर मात्र त्यात घालू नका.

एका दिवसात एकाच व्यक्तीला १०,००० रुपयांहून जास्त रोख दिल्यास तो खर्च सहसा धरत नाहीत. म्हापशाच्या बाजारातली मोठी खरेदी यूपीआयनेच करा.

अंदाजित उत्पन्नाची योजना (रोख विक्रीच्या ८, डिजिटल विक्रीच्या ६ टक्के रक्कम नफा धरून त्यावर कर) घेतल्यास हे खर्च वेगळे वजा होत नाहीत. ज्यांचा नफा याहून कमी, त्यांनी सीएला विचारून नीट वही ठेवावी, असे माझे ठाम मत आहे.

शंका असल्यास बिलांसह मासिक बैठकीला या.

– सचिव