शिबिराची फी भरण्याआधी रिंग पाहा

संपादक महोदय,

उन्हाळी बास्केटबॉल शिबिराची फी भरण्याआधी पालकांनी एक सत्र मैदानाकडेला उभे राहून पाहावे. मिनी बास्केटबॉलमध्ये, म्हणजे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळात, रिंग २.६० मीटर उंचीवर आणि चेंडू ५ क्रमांकाचा असतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांची ३.०५ मीटर उंचीवरची रिंग आणि ७ क्रमांकाचा मोठा चेंडू दिला, की ताकद अपुरी पडून तो खांद्यावरून चेंडू ढकलू लागतो. ही सवय पुढे मोडता मोडत नाही! एका प्रशिक्षकामागे दहा-बारा मुले ठीक. तीस असतील तर निम्मा वेळ रांगेत जातो. डाव्या हाताने ले-अप (धावत रिंगजवळ जाऊन उडी मारत एका हाताने चेंडू टाकणे), उडीनंतर गुडघे वाकवून उतरणे शिकवतात का, हे जरूर विचारावे. रोज नुसते सामने खेळवणारी शिबिरे टाळावीत, तिथे चेंडू उंच मुलांकडेच राहतो.

– एक बास्केटबॉल प्रशिक्षक, पुणे